रंकाळा ते लक्ष्मी तलाव: कोल्हापूरचे पाणी पाहण्याची रीत

कोल्हापुरात आलेला पाहुणा अंबाबाईचे दर्शन आटोपून संध्याकाळी रंकाळ्यावर जातो, चौपाटीवर भेळ खातो, पाण्याकडे पाठ करून छायाचित्र काढून घेतो आणि रंकाळा पाहिला असे समजून परततो. त्यात वावगे काही नाही, मात्र तलाव पाहण्याची ही सर्वांत तोकडी रीत आहे. मावळतीच्या उजेडात पाण्याचा खरा रंग कळत नाही, गर्दीमुळे काठावरचे पक्षी केव्हाच उठून गेलेले असतात, आणि या एवढ्या पाण्याला वाट कोठून आहे व ते पुढे जाते कोठे, हा साधा प्रश्नही मनात येत नाही. पाणी येते कोठून आणि जाते कोठे, या दोन प्रश्नांचा माग काढत गेले तर तलावाचा इतिहास, त्यातील जीवसृष्टी आणि त्याचे आजचे दुखणे या तिन्ही गोष्टी एकाच फेरीत समजतात. त्यासाठी रंकाळा, कळंबा आणि राधानगरी धरणाचा जलाशय म्हणजे लक्ष्मी तलाव ही तीन ठिकाणे याच क्रमाने पाहावीत. दोन दिवस हाताशी असतील तर हे निवांत जमते. एकच दिवस असेल तर कळंबा वगळावा, पण रंकाळा पहाटे पाहण्याचा नेम मोडू नये.

ऋतूची निवड

कोणत्या महिन्यात यावे, याचे उत्तर काय पाहायचे आहे त्यावर ठरते. पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला, कारण उत्तरेकडून येणारे धोबी, माळभिंगऱ्या आणि तुतवार त्या वेळी येथे मुक्कामाला असतात आणि सकाळची हवा स्वच्छ असते. भरलेले धरण आणि त्याचे उघडलेले दरवाजे पाहायचे असतील तर जुलैअखेर ते ऑगस्ट हा काळ धरावा, मात्र त्या दिवसांत राधानगरी अभयारण्यातील दाजीपूरच्या जंगलात प्रवेश मिळत नाही. इतिहास पाहायचा असेल तर, ऐकायला विचित्र वाटले तरी, ऐन मे महिना उत्तम. पाणी ओसरते तेव्हा रंकाळ्यातील संध्यामठ ही जुनी दगडी वास्तू उघडी पडते आणि राधानगरीच्या जलाशयातील बेनझीर व्हिला या राजर्षी शाहू महाराजांच्या काळातील वास्तूचे अवशेष दिसू लागतात. कोल्हापूरच्याच माणसाने तलाव वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये, पाहावा असे मी सुचवीन, कारण पाण्याची चढ-उतार डोळ्यांनी पाहिल्याखेरीज तलावाचे वर्ष समजत नाही. बाहेरगावच्या माणसाला एकच संधी असेल तर त्याने डिसेंबर निवडावा. तेव्हा पाणी अजून भरपूर असते, आकाश निरभ्र असते आणि अभयारण्यही खुले असते.

रंकाळ्याची फेरी

सूर्योदयापूर्वी रंकाळा टॉवरजवळ पोहोचावे. अंबाबाईच्या देवळापासून हे अंतर पायी सहज जाण्याजोगे आहे. एवढ्या लवकर जाण्याचे कारण केवळ थंड हवा नव्हे. रात्रभर पाण्यातील वनस्पती आणि शेवाळ प्रकाशाअभावी प्राणवायू तयार करत नाहीत, उलट तो वापरतात, त्यामुळे विरघळलेल्या प्राणवायूचे प्रमाण पहाटे सर्वांत कमी असते. तलावाची प्रकृती बिघडलेली असेल तर याच वेळी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. दुपारी हेच पाणी धडधाकट भासते. वैद्याने रोग्याला उपाशीपोटी तपासावे तसे तलावाला पहाटे पाहावे.

रंकाळ्याच्या जन्माची कथा दगडाच्या खाणीपासून सुरू होते. परंपरा असे सांगते की येथे काळ्या दगडाची मोठी खाण होती, आठव्या-नवव्या शतकाच्या सुमारास भूकंप झाला, खाणीच्या तळाशी झरे फुटले आणि पाणी साचत गेले. काठावरच्या रंकभैरवाच्या देवळावरून तलावाला रंकाळा हे नाव पडले. भूकंपाचा भाग कोणी श्रद्धेने मानावा वा न मानावा, परंतु खाणीचा भाग पटण्याजोगा आहे, कारण तलावाच्या शेजारीच असलेली इराणी खण आजही डोळ्यांसमोर आहे आणि या परिसरात दगड काढून झालेल्या खड्ड्याला खण म्हणण्याची रीत अजून टिकून आहे. त्याच खणीत अलीकडच्या वर्षांत गणेशमूर्तींचे विसर्जन होते, त्यामुळे रंकाळ्यावरचा मोठा भार हलका झाला आहे. एखाद्या तलावाला वाचवण्यासाठी शेजारच्या तलावासारख्याच पाण्याला पुढे करावे हे कितपत योग्य, असा प्रश्न उरतो. तरीही दोहोंपैकी एक निवडायचे असेल तर नगरपालिकेच्या काळापासून चालत आलेल्या सरसकट विसर्जनापेक्षा ही सोय मला बरी वाटते.

काठावर एक नंदीचे देऊळ आहे. हा नंदी रोज गव्हाभर पुढे सरकतो आणि तांदळाभर मागे येतो, तो ज्या दिवशी रंकाळ्यात पोहोचेल त्या दिवशी प्रलय होईल, अशी लोककथा कोल्हापुरातील प्रत्येक आजीला ठाऊक असते. लहान मुले बरोबर असतील तर ही कथा देवळापाशीच सांगावी आणि नंदीला तळ्यापर्यंत पोहोचायला किती काळ लागेल याचा हिशेब त्यांनाच करू द्यावा.

राजघाट आणि मराठा घाट या दगडी घाटांवर उतरताना शेवाळाकडे लक्ष द्यावे, कारण पावसाळ्यात आणि त्यानंतर काही आठवडे पायऱ्या अत्यंत निसरड्या असतात. तलावाच्या काठावर दिसणारा शालिनी पॅलेस १९३१ ते १९३४ या काळात बांधला गेला आणि त्याला राजकन्या शालिनीराजे यांचे नाव देण्यात आले. काळा दगड आणि इटालियन संगमरवर वापरून उभारलेल्या या वास्तूत १९८७ पासून काही काळ हॉटेल चालत होते. आज आत प्रवेश मिळेलच असे गृहीत धरू नये. पाण्याच्या पलीकडून दिसणारे तिचे रूप पुरेसे आहे, आणि ते सकाळी अधिक खुलते, कारण तेव्हा पूर्वेचा उजेड तिच्या दर्शनी भागावर पडतो.

आता पाणी कोठून येते हे पाहण्यासाठी घाटाकडून मागच्या बाजूला, वस्तीकडून येणाऱ्या ओढ्या-नाल्यांच्या मुखाशी जावे. पर्यटक येथे जात नाहीत आणि म्हणूनच जायला हवे. रंकाळ्याला नदी मिळत नाही. तळाचे झरे, पावसाचे पाणी आणि भोवतालच्या उतारावरून वाहून येणारे ओढे हेच त्याचे स्रोत. जेथे शेते होती तेथे वसाहती झाल्या, तेव्हा ओढ्यांतून पावसाच्या पाण्याबरोबर सांडपाणीही येऊ लागले. सांडपाण्यात नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) मुबलक असतात, आणि ज्या स्फुरदाने उसाचे पीक तरारते त्याच स्फुरदाने पाण्यातील शेवाळही तरारते. ते मरून तळाशी कुजते, कुजताना प्राणवायू खाते, आणि प्राणवायू संपला की तळच्या गाळात अडकलेले स्फुरद सुटून पुन्हा वरच्या पाण्यात मिसळते. म्हणजे नाला आज बंद केला तरी तलाव उद्या सुधारत नाही. वर्षानुवर्षे साचलेला गाळच त्याला आतून खत पुरवत राहतो. रंकाळ्याचा समावेश केंद्र शासनाच्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत झाला, त्यातून कामेही झाली, तरी तक्रारी पुन्हा पुन्हा का येतात याचे मुख्य कारण मला येथे दिसते.

पाण्याची स्थिती ओळखण्याच्या काही साध्या पद्धती

प्रयोगशाळा नसतानाही पाण्याविषयी बरेच काही कळू शकते. पहिली गोष्ट वाऱ्याची दिशा. वारा पश्चिमेकडून वाहत असेल तर पृष्ठभागावर तरंगणारे सर्व काही पूर्वेच्या, म्हणजे शहराच्या बाजूच्या काठाला येऊन साचते, म्हणून एकाच काठावरून तलावाचा निकाल लावू नये. दोन्ही काठ पाहावेत आणि शक्य झाल्यास मधल्या पाण्याचा रंगही दुर्बिणीतून न्याहाळावा.

पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा जाड थर दिसला, तर ते बहुधा मायक्रोसिस्टिस या नीलहरित जिवाणूंचे फुलोरे असतात. रंकाळ्यात ते वेळोवेळी आढळले आहेत. त्यांच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असल्याने ते प्रकाशाकडे वर येतात आणि वाऱ्याविना उकाड्याच्या दिवसांत झपाट्याने थर धरतात. काही प्रकार यकृताला घातक असे विष तयार करतात, म्हणून असा थर असताना पाण्यात पाय बुडवून बसणे, मुलांना खेळू देणे किंवा कुत्र्याला पाणी पाजणे टाळावे. काडीने उचलल्यास लांब तंतू निघाले तर ते साधे तंतुमय शेवाळ समजावे. पाण्यात रवाळ दाणे विखुरलेले दिसले तर मात्र सावध राहावे, आणि ही परीक्षा हाताने न करता काडीने करावी.

पारदर्शकता मोजण्यासाठी शास्त्रज्ञ सेक्की तबकडी वापरतात. तिचा व्यास साधारणपणे २० सेंटिमीटर असतो. घरी तेवढ्याच आकाराचे पांढरे झाकण घेऊन त्याखाली वजन बांधावे, दोरीला दर १० सेंटिमीटरवर गाठ मारावी आणि घाटाच्या कडेवरून, सावलीच्या बाजूने, ते सावकाश पाण्यात सोडावे. झाकण दिसेनासे झाले तेथील गाठ मोजावी, नंतर ते वर ओढताना पुन्हा दिसू लागले तेथील मोजावी आणि दोहोंची सरासरी नोंदवावी. कडेला वाकताना दुसऱ्या कोणी तरी हात धरलेला असावा. ही नोंद एकदा घेऊन फारसे काही हाती लागत नाही, पण शाळेतील मुलांनी दर महिन्याला त्याच जागी, त्याच वेळी घेतली तर वर्षभरात तलावाचा आलेख तयार होतो.

जलपर्णी, जिला आपल्याकडे केंदाळ असेही म्हणतात, ती दिसायला सुंदर असते आणि तिच्या जांभळ्या फुलांपुढे छायाचित्रे काढण्याचा मोह अनेकांना होतो. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील आहे आणि अनुकूल परिस्थितीत ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. तिने पृष्ठभाग झाकला की खाली उजेड पोहोचत नाही आणि हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळणे मंदावते. रंकाळ्याने जलपर्णीचे हे आक्रमण सोसले आहे आणि ती उपसण्यासाठी नागरिकांनी श्रमदानही केले आहे. काठावर कोठे तिचा लहानसा पुंजका दिसला तर फूल तोडून दुसऱ्या डबक्यात किंवा घरच्या हौदात नेऊ नये. ती पसरण्याचा सर्वांत सोपा मार्ग तोच आहे.

पक्ष्यांसाठी झाडी आणि पाणवनस्पती असलेला निवांत काठ निवडावा. टिबुकली बुडी मारून भलतीकडेच वर येते, वारकरी कपाळावरच्या पांढऱ्या टिळ्यावरून लगेच ओळखता येतो, जांभळी पाणकोंबडी पाणकणसांत चालताना शेपटी उडवत असते, आणि पाणकावळा पंख पसरून उन्हात बसलेला दिसतो, कारण त्याचे पंख पाण्याने भिजतात व ते वाळवावे लागतात. ढोकरी, खंड्या आणि हळदीकुंकू बदक हेही येथले नेहमीचे. पक्षी ओळखण्याइतकेच ते कोठे बसले आहेत हे लिहून ठेवणे उपयोगाचे असते, कारण कमळपक्ष्याला तरंगणारी पाने लागतात आणि धीवराला मासे दिसतील असे नितळ पाणी लागते. म्हणजे पक्ष्यांची जागा पाहूनही पाण्याची स्थिती कळते. माशांना पाव, चुरमुरे घालण्याची सवय पुण्यकर्म म्हणून रूढ झाली आहे, ती मोडावी. न खाल्लेला पाव तळाशी जाऊन कुजतो आणि वर सांगितलेल्या चक्रात भरच घालतो.

बुजलेली तळी आणि कळंबा

रंकाळ्यावरून शहरात परतताना थोडी वाकडी वाट करावी. जुने कोल्हापूर हे तळ्यांचे गाव होते. वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान झाले, रावणेश्वर तलावाच्या जागी शाहू स्टेडियम उभे राहिले, आणि कपिलतीर्थाच्या जागी आज भाजी मंडई भरते. मुसळधार पावसात गांधी मैदानात पाणी का साठते, असा प्रश्न वृत्तपत्रांतून दरवर्षी विचारला जातो. ते पाणी आपल्या जुन्या घरी आलेले असते, एवढेच त्याचे उत्तर आहे. कोटीतीर्थ मात्र अजून टिकून आहे, ते पाहून घ्यावे. तळी बांधण्याची ही परंपरा किती जुनी आहे याचा दाखला शिलाहारांच्या ताम्रपटात मिळतो. बाराव्या शतकाच्या आरंभी शिलाहार राजा गंडरादित्याने मिरज प्रांतातील इरुकुडी येथे गंडसमुद्र नावाचा मोठा तलाव बांधला आणि त्याच्या काठी शिव, बुद्ध व अर्हत यांच्या मूर्ती स्थापन केल्या. एकाच काठावर तिन्ही पंथांना जागा देणारा हा राजा कोल्हापूरच्या इतिहासात अधिक ठळकपणे सांगितला जायला हवा.

कळंबा तलाव शहराच्या दक्षिणेला आहे आणि तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहराला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून बांधला गेला. कात्यायनीच्या डोंगराकडून येणारे पावसाचे पाणी बांध घालून अडवायचे आणि उताराने शहरात आणायचे, अशी ती सरळ योजना होती. येथे फार वेळ काढण्याची गरज नाही. बांधावर उभे राहून एका बाजूला डोंगराचे पाणलोट क्षेत्र आणि दुसऱ्या बाजूला शहर पाहिले की योजना ध्यानात येते, आणि वाढत्या वस्तीने ते पाणलोट क्षेत्र कसे कुरतडले जात आहे हेही दिसते. शहराची तहान कळंब्याने भागेना तेव्हा पंचगंगेचे पाणी उपसले गेले, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनने पाणी शहरात आले. शहर जसजसे वाढले तसतसा त्याचा पाणवठा सह्याद्रीच्या दिशेने दूर सरकत गेला. दुसऱ्या दिवशीचा प्रवास त्याच दिशेने करायचा आहे.

राधानगरीकडे

रंकाळा बसस्थानकावरून राधानगरीकडे जाणाऱ्या एसटी गाड्या मिळतात. स्वतःचे वाहन असेल तर पुईखडी, हळदी या मार्गाने सुमारे ५५ किलोमीटरचा प्रवास आहे. वाटेत भोगावती नदी आणि तिच्यावरचे बंधारे लागतात, तेथे एकदा तरी थांबावे. दगडी खांबांच्या खाचांत फळ्या बसवून पावसाळ्यानंतर पाणी अडवायचे आणि पावसाळ्यापूर्वी फळ्या काढून पुराला वाट द्यायची, ही कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याची रचना याच जिल्ह्याच्या नावाने महाराष्ट्रभर ओळखली जाते. धरणातून सोडलेले पाणी या बंधाऱ्यांत थांबत थांबत खाली येते आणि दोन्ही काठांवरच्या उसाला मिळते. हिवाळ्यात रस्त्याच्या कडेची गुऱ्हाळे चालू असतात. ताजा गूळ घ्यावा आणि काकवी मिळाल्यास तीही सोडू नये.

राधानगरीचे धरण समजून घ्यायचे तर १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांपासून सुरुवात करावी लागते. १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतलेल्या शाहू महाराजांना पहिल्या काही वर्षांतच या दोन्ही दुष्काळांना तोंड द्यावे लागले. १९०२ मध्ये संस्थानाचे पाटबंधारेविषयक धोरण जाहीर झाले, जुन्या विहिरी व तळ्यांची पाहणी झाली, आणि भोगावतीवर मोठे धरण बांधण्याची योजना आकाराला आली. धरणाला महाराणी लक्ष्मीबाई यांचे आणि नव्या वसाहतीला कन्या राधाबाई यांचे नाव मिळाले. त्या काळातील एका संस्थानाच्या तिजोरीला हे काम झेपणे अवघड होते. १९०७ च्या सुमारास हाती घेतलेले काम १९१८ च्या सुमारास पैशाअभावी थांबले, १९२२ मध्ये महाराजांचे निधन झाले, आणि धरण पूर्ण व्हायला १९५० चे दशक उजाडावे लागले. तोवर संस्थानही भारतीय संघराज्यात विलीन झाले होते. ज्याने योजना आखली त्याला ती पूर्ण झालेली पाहता आली नाही, तरी अर्धवट थांबलेल्या त्या बांधानेही मधल्या काळात पाणी अडवले, हे विसरता कामा नये.

धरणासमोर उभे राहून आकडे समजून घेतले तर जलाशयाचा आवाका कळतो. राधानगरीची साठवणक्षमता ८.३६ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, अर्थात सुमारे २,८३२ कोटी लिटर पाणी. पूर्ण संचय पातळी ३४७.५० फूट आहे, आणि पाणी त्या पातळीला पोहोचले की धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्याच दाबाने एकेक करून उघडू लागतात. पातळी उतरली की ते आपोआप मिटतात. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी बाहेर पडते, म्हणजे दर सेकंदाला ४० हजार लिटरहून अधिक. हा एक दरवाजा अहोरात्र उघडा राहिला तरी दिवसाला जेमतेम ०.१२ टीएमसी पाणी जाते. सातही उघडले तर विसर्ग सुमारे १० हजार क्युसेक होतो, आणि वृत्तपत्रात तसा मथळा येतो तेव्हा कोल्हापुरातील नदीकाठची माणसे सामान बांधायला का लागतात हे या गणितावरून कळते. धरणाच्या भिंतीवर किंवा वीजगृहाजवळ विनापरवाना जाऊ नये. दरवाजे पाहण्यासाठी खालच्या बाजूची सुरक्षित जागा स्थानिकांना विचारून निवडावी, आणि नदीच्या पात्रात तर मुळीच उतरू नये, कारण स्वयंचलित दरवाजा उघडण्यापूर्वी कोणाची परवानगी विचारत नाही.

जलाशयाच्या मागील बाजूला राधानगरी अभयारण्य आहे. १९५८ मध्ये दाजीपूर गवा अभयारण्य म्हणून घोषित झालेले हे महाराष्ट्रातील पहिले अभयारण्य. पुढे १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन क्षेत्र ३५१.१६ चौरस किलोमीटर झाले, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत त्याचा समावेश झाला. लक्ष्मी तलाव आणि दूधगंगेवरील काळम्मावाडीचा जलाशय असे दोन मोठे जलाशय या जंगलाला लागून आहेत. पर्यटक हे जंगल गव्यासाठी पाहतो, परंतु तलावाचा माग काढणाऱ्याने ते पाण्यासाठी पाहावे. कोकणातून चढून येणारे मोसमी ढग घाटमाथ्यावर रिकामे होतात, जांभ्या दगडाचे सडे आणि निमसदाहरित रान ते पाणी मुरवून घेतात आणि मग महिनोन्महिने झऱ्यांतून थोडे थोडे सोडतात. झाडांच्या मुळांनी माती धरून ठेवल्यामुळे जलाशयात गाळही कमी उतरतो. रंकाळ्याच्या उतारावर घरे आहेत आणि लक्ष्मी तलावाच्या उतारावर जंगल आहे. दोन्ही पाण्यांच्या रंगातील फरक एवढ्यावरून समजतो, आणि पहिल्या दिवशी बनवलेली तबकडी येथे परवानगी असलेल्या काठावर पाण्यात सोडून पाहिली तर तो फरक सेंटिमीटरमध्ये लिहिता येतो.

दाजीपूरला जायचे असेल तर वन्यजीव विभागाच्या कार्यालयात आधी चौकशी करावी, नियमानुसार वाहन व वाटाड्या घ्यावा आणि सकाळची पहिली वेळ मिळवण्याचा प्रयत्न करावा. उन्हाळ्यात गवे पाणवठ्यांवर उतरतात, त्यामुळे तेव्हा ते दिसण्याची शक्यता जास्त असते. एकटा नर रस्त्यात उभा असेल तर वाहन थांबवून शांत बसावे, भोंगा वाजवू नये आणि खाली तर अजिबात उतरू नये. शेकरू, भेकर, सांबर, आणि नशीब असेल तर अस्वलाच्या पावलांचे ठसे येथे पाहायला मिळतात. झाडांच्या शेंड्यांवर धनेश असतो आणि ओढ्याकाठी शीळकरी कस्तुराची शीळ ऐकू येते. पावसाच्या सुरुवातीला काजव्यांसाठी येणाऱ्यांची गर्दी अलीकडे फार वाढली आहे. ज्यांना काजवे खरोखर पाहायचे आहेत त्यांनी विजेऱ्या आणि गाडीचे दिवे बंद ठेवावेत, कारण नर-मादी एकमेकांना प्रकाशाच्या खुणांनीच शोधतात आणि आपला उजेड त्यात व्यत्यय आणतो. जळवांसाठी मीठ किंवा तंबाखूची पुडी आणि गुडघ्यापर्यंतचे मोजे जवळ असावेत. या भागात मोबाइलला सर्वत्र रेंज मिळत नाही, म्हणून परतण्याची वेळ घरी आधीच सांगून ठेवावी.

पाण्याबरोबर परत

पाणी जाते कोठे, या प्रश्नाचे उत्तर परतीच्या वाटेवर मिळते. धरणातून सुटलेली भोगावती प्रयाग चिखलीच्या संगमात कासारी, कुंभी, तुळशी या नद्यांसह पंचगंगा होते. सरस्वती ही पाचवी गुप्त मानली जाते. रंकाळ्याच्या सांडव्यावरून वाहिलेले पाणीही शेवटी याच नदीला मिळते, आणि पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेत मिसळते. कसबा बावड्याचा राजाराम बंधारा हे या प्रवासातील पाहण्याजोगे शेवटचे ठिकाण. तेथील पाणीपातळीवरून शहराचा पूर मोजला जातो. इशारा पातळी ३९ फूट आहे आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये नदीने ही दुसरी रेषा फार मागे टाकली होती. जुनी माणसे मात्र आकडे ऐकूनही शिवाजी पुलाची मच्छिंद्री झाली का, म्हणजे पाणी पुलाच्या ठरलेल्या खुणेपर्यंत चढले का, अशीच चौकशी करतात.

पावसाळ्यात हा दौरा आखणाऱ्याने निघण्याच्या आदल्या रात्री तीन गोष्टी पाहून घ्याव्यात: राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडे आहेत, राजाराम बंधाऱ्याची पातळी चढती आहे की उतरती, आणि रंकाळा बसस्थानकावरून गाड्या सुरू आहेत की नाहीत. पातळी ३९ फुटांजवळ असून चढत असेल, तर अनेक बंधारे आधीच पाण्याखाली गेलेले असतात आणि नदीकाठचे रस्तेही एकेक करून पाण्याखाली जाऊ लागतात, तेव्हा राधानगरीचा बेत पुढे ढकलावा आणि त्या दिवशी फक्त रंकाळ्याची फेरी करावी. पातळी उतरू लागल्यावरही आणखी एक दिवस थांबावे, कारण पाणी ओसरलेल्या रस्त्यावर चिखल राहतो आणि वाहून गेलेल्या कडा सहज दिसत नाहीत.